तिरकं कार्ड

अगं नाही, हातात चौकटचं एकही पान लागत नाही — तीच तर गंमत आहे ओवी. ब्रिजमध्ये समोरच्या जोडीतला म्हणतो 'दोन चौकट', आणि असतात त्याच्याकडे सहा बदाम, नाहीतर सहा इस्पिक, बाकी हात भिकार. दोन्हीतलं काय ते सांगतच नाही. नियमात बसतं ते. आपली बोली सुरू व्हायच्या आधीच आपली बोलायची जागा खाऊन टाकायची, बस. मग माणूस घाबरतो. म्हणून उत्तर आधी ठरवायचं, घरी, डोकं थंड असताना. बस ना, उभी का? त्याच खुर्चीत बस. उत्कर्षाची होती, तुझ्याआधीच्या माझ्या जोडीदाराची — चावणार नाही. भडंग नंतर खा हं, पत्त्यांना तेल लागतं.

तर त्यावर आपलं उत्तर, डबल. दोन अर्थांचं. एक तर बेताचा हात, तेरा-चौदा गुणांचा, नाहीतर एकदम तगडा, एकोणीसच्या वर. आपल्या माहितीपत्रकावर लिहिलंय तसं, कोणी विचारलं तर तेवढंच सांगायचं. तोंड का असं केलंस? हां — यातलं कुठलं हे तुला कसं कळणार. बरोबर आहे. नववीला माझ्या भूमितीच्या तासालाही अशीच बघायचीस माझ्याकडे, हात मात्र कधी वर केला नाहीस. एरवी कळतं पुढच्या फेरीला. पण पुढची फेरी येऊच देत नाहीत ना ते, मधेच तीन इस्पिकवर उडी मारतात, आणि तू बसतेस अंदाज करत. अंदाजावर बक्षिसं मिळत नाहीत बाळा. वीस वर्षं मी आणि उत्कर्षा सांगली, सातारा, कराड, कुठे हरलो नाही, ते काय अंदाजावर?

हे बघ, बोलीच्या डब्यातून डबलचं लाल कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं. सरळ. आता दुसऱ्यांदा ठेवते, बघ — जरासं तिरकं. पंधरा-वीस अंश, फार नाही. हात आहे माणसाचा, पडतं कधी तिरकं. सरळ म्हणजे तगडा. तिरकं म्हणजे — तू हुशार आहेस, सगळं बोलायला लावू नकोस.

छे, कुणी बघत नाही. वीस वर्षांत कुणी बघितलं? उत्कर्षाचे डोळे अधू झाले म्हणून सोडलं तिनं, क्लबात तसंच सांगते मी. म्हणजे डोळे असं नाही — मन उडालं तिचं. रात्री झोप येत नाही म्हणायची. वरच्याच मजल्यावर राहते, ऐक पावलं, चालतेय. दिवसभर चालते अशी. जिन्यात भेटली तर नुसतं हसायचं आणि खाली यायचं, थांबायचं नाही.

गेल्या वर्षी कराडला. शेवटचा डाव, समोरच्या जोडीत निमिष नावाचा पोरगा, त्यानं टाकलं दोन चौकट. मी डबल. तिरकं. आणि ही बया — माझ्याकडे बघत, सगळ्यांसमोर, टेबलावरून हात लांब केला आणि एका बोटानं माझं कार्ड सरळ केलं. हळूच. फोटो सरळ करावा भिंतीवरचा तसं. निमिष हसायचा थांबला. पंच वळले. मग मी काय करणार होते? सांग ना. वीस वर्षांचं नाव! मी उठले आणि म्हटलं, पंचसाहेब, ही माझ्या कार्डांना हात लावते, खुणा करते, मी कितीदा सांगितलं हिला. एवढंच. दोन वर्षं बंदी घातली तिच्यावर. बोलायचं होतं तर बोलायचं, मी काय तोंड धरलं होतं? घरी येईपर्यंत एसटीत शेजारी बसली होती, तिकीट हातात घेऊन.

हे कुठे बोलायचं नाही. का बोलले मी तरी. असो. उद्या स्पर्धेला सकाळी सातची गाडी, डबा मी आणते. आणि तुझा तो फॉर्म, राज्याच्या ज्युनियर संघाचा — दे इकडे. प्रशिक्षकाची सही माझीच लागते, जिल्ह्यात दुसरं कोण आहे? करते हं. आधी एक डाव खेळून बघू. समज, समोरच्यानं टाकलं दोन चौकट. मी डबल. हे ठेवलं कार्ड. हं, बघ नीट. आता तू सांग, माझ्याकडे —

ओवी.

हात मागे घे.

मी म्हटलं, हात मागे — सरळ का केलंस ते? कुणी शिकवलं तुला? वर गेली होतीस? येताना गेली होतीस तू वर?

बरं.

जा तू. फॉर्म राहू दे इथेच. दार ओढून घे.