मुठीचं माप

तुम्ही दोघं युरियाच्या डोसावरून भांडताय म्हणून सांगतो. आमच्या बाबांना डोस वगैरे काही माहीत नव्हतं. त्यांचं माप एकच, मूठ. गव्हाच्या वाफ्याला चार मुठी.

आमच्याकडं सगळे भातवाले, पण शेजारून कालवा जातो म्हणून बाबा भातानंतर गहू करायचे. गहू असा काळाभोर यायचा की येणारे-जाणारे थांबून बघायचे. ओंब्या आल्या की मात्र सगळा आडवा, आणि दाणा पोचट. बाबा म्हणायचे, "खत कमी पडलं." पुढच्या साली मूठ आणखी गच्च भरायचे. जमीन इतकी कडक झाली की ढेकळं थेट वीट म्हणून रचावीत.

आई दर साली म्हणायची, "यंदा मी टाकते."

बाबा हसायचे. "तुझ्या मुठीत काय मावतंय गं?"

गेल्या साली भातकापणी झाली आणि बाबा गेले. आईनं हट्टानं गहू पेरायला लावला. खतही तिनंच टाकलं, वाफ्याला चार मुठी.

मी म्हटलं, "आई, कमी पडंल."

"त्यांचं माप हाय. मी नाय मोडायची."

गहू फिकाच दिसायचा, बघायला कोणी थांबलं नाही. पण ओंब्या भरल्या तरी तो उभाच राहिला.

कापणी झाल्यावर आई बांधावर बसली. मला वाटलं, खूश असेल. ती आपली मूठ मिटून तिच्याकडं बघत होती.

"अवो," रिकाम्या वाफ्याकडं बघून म्हणाली, "एवढंच मावतं बघा."