गाडीचं अ‍ॅव्हरेज

अनसिंगच्या एसटी स्टँडवर समोरच्या बाकावरील मुलीचा अंगठा मोबाइलच्या काचेपासून अर्धा सेंटिमीटर वर थांबला होता. तो तीनदा खाली आला आणि तीनदा परत वर गेला. शेजारी तिचे वडील होते.

"पल्लवी, आठ दिवस झाले, तू त्या यादीकडंच पाहून राह्यली."

"बाबा, सायबाले आज पाह्यजे. माह्या हाताखालच्या सात प्रोग्रॅमरपैकी कोणी महिन्यात किती कामं संपवली, त्याचा आकडा. सगळ्यात खाली असंल त्याची नोकरी जाते."

"खाली कोण हाय?"

"साक्षी. दिवसभर दुसऱ्याचं अडलेलं काम सोडवून देते. ते तिच्या नावावर लागत नाही."

"मी ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर होतो, तवा मालक डिझेलचं अ‍ॅव्हरेज मोजाचा. मीच पहिला याचो."

"माहीत हाय. बक्षिसाचं घड्याळ अजून भिंतीवर हाय."

"ते कसं भेटलं, हे नाही माहीत तुले. उतारावर मी इंजन बंद कराचो. मंग ब्रेक नीट लागत नव्हता. मांगं चाळीस माणसं झोपलेली राहाची."

"बाबा! अन् मले स्कूटी हळू चालव म्हणता?"

"म्हणूनच म्हणतो."

"मंग मालकानं काय मोजाले पाह्यजे होतं?"

"मोजाच्या आंधी एक डाव माह्या बाजूले येऊन बसाले पाह्यजे होतं."

अंगठा खाली आला. फोन लागला.

"सर, यादी मी पाठवणार नाही. साक्षीला काढायचं नाही. आधी मी सातही जणांच्या शेजारी बसून पाहते, त्यांचं काम कुठं अडतं ते."