आश्रुबाची जीप

आश्रुबाचा धम्मानंद, धम्मानंदाचा सिद्धोधन आणि सिद्धोधनाची ही सुकेशनी. पणजोबांच्या बंद जीपला तिने नवे डिझेल इंजिन बसवले होते. देवगाव फाट्यावर जीप उभी करून ती मिस्त्रीशी बोलत होती. एसटीची वाट पाहणाऱ्या कासाबाईंनी कान टवकारले.

"रामप्रसादभाऊ, चाळीसच्या वर गेली की इंजिन लय बोंबलायलंय."

"मागचे गियर जुन्या पेट्रोल इंजिनाचेच हाईत, ताई. डिझेलला जोर जास्त हाय; इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यात चाक जास्त पळंल, असा गियरचा जोड टाकू."

"अन् मंग चिखलात वढंल का?"

कासाबाईंना राहवले नाही.

"ए पोरी, तगड्या बैलाला आखूड पावलं कशाला टाकायला लावतीस? वढंल त्यो!"

"आजी, तुमाला काय ठावं गाडीतलं?"

"हीच जीप चिखलातून माझ्या बैलांनी काढली व्हती. आश्रुबादादा म्हणले, कासा, हिच्यातच तुला पोखर्णीच्या नरसिंहाला नेतो. अन् त्याच सालात इंजिन जाम झालं!"

"भाऊ, टाका नवा जोड!"

आठव्या दिवशी जीप साठच्या वेगाने, न बोंबलता, पोखर्णीच्या देवळापुढे येऊन थांबली. कासाबाई पदर सावरत ऐटीत उतरल्या.

"सुकेशनी, तुझ्या पणज्याच्या शब्दाचं देणं आज पुरं फिटलं. आता माघारी जाताना सत्तरनं घे!"