व्हॉलीबॉलपटू जननी बेपत्ता झाल्याबाबत

मी मकरंद विद्याधर सबनीस, वय ४३ वर्षे, धंदा खेळाडूंचा एजंट, राहणार गिंडी, चेन्नई. मला तमिळ भांडणापुरती येते. हवालदार तुकोजी यांच्या घरी तंजावरी मराठी बोलतात, म्हणून त्यांच्यासमोर मराठीतून सांगतो की,

कु. जननी नारायणस्वामी, वय २०, राहणार आवडी, ही व्हॉलीबॉल खेळते. गेले अकरा महिने तिचं सगळं मी बघतो. सध्या माझ्याकडे ती एकच खेळाडू आहे. हवालदारांनी ‘एकच’ का, हे दोनदा विचारलं. त्याची काही गरज नव्हती.

आज दुपारी चार वाजता एका क्लबशी तिचा दोन वर्षांचा करार व्हायचा आहे. उशीर झाला तर क्लब दुसऱ्या मुलीला घेणार. सकाळी दहाला मी तिला गेस्ट हाऊसवर सोडलं आणि इडली खाऊन झोप म्हणून बजावलं. एक वाजता गेलो तर खोलीला कुलूप. वॉचमन म्हणाला, बॅग घेऊन घाईघाईने गेली. हे कीर्ती नावाच्या एजंट बाईंचं काम, अशी माझी खात्री झाली. त्या गोड बोलून खेळाडू पळवतात. मी कधी पळवत नाही. जननीच्या वेळी मी फक्त आधी पोचलो होतो.

मी फिर्याद द्यायला आलो. हवालदारांनी जननीचा नंबर विचारून लावला. फोन माझ्या खिशात वाजला.

खुलासा असा की, करार होईपर्यंत खेळाडूचा फोन एजंटने सांभाळायचा, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. नाहीतर बाकीचे एजंट फोन करकरून पोरीचं डोकं फिरवतात. सकाळी ती सराव करत असताना मी तो बॅगेतून काढून घेतला. तिला सांगायचं राहिलं. तुम्ही स्वतः तिला फोन का केला नाही, असं विचारल्यावरून सांगतो की, तिचा फोन माझ्याकडे होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून महिला हवालदार विजयालक्ष्मी बाहेर आल्या. हाच नंबर त्यांच्याकडे चोरीला गेलेला मोबाईल म्हणून लिहिलेला होता. जननी साडेबारापासून त्यांच्यासमोर बसून होती. सही करण्याआधी तिला आईला विचारायचं होतं, फोन सापडेना, आणि घरचा एकही नंबर पाठ नव्हता.

मला बघून ती हसली. मला फार बरं वाटलं, हेही लिहून घ्यावं. मग ती आईशी बावीस मिनिटं बोलली. त्यात माझं नाव तीनदा आलं.

हवालदारांनी कागद सहीसाठी पुढे केला. मी म्हटलं, आधी वाचून दाखवा, वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. हे मी तमिळमधून म्हणालो, तिथे चुकलं. जननी म्हणाली, “सार, मग माझा करार?”

वरील मजकूर तुकोजींनी मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून सही करतो. आता तीन वाजून पाच मिनिटं झाली आहेत. करार एकोणीस पानांचा आहे आणि तो मी जननीला इथेच बाकावर बसून वाचून दाखवणार आहे. अडेल तिथे तुकोजी तमिळ सांगतील. सातव्या पानापुढे मीही तो वाचलेला नाही.