यांनी मारलेला गोल

लग्न होऊन मी इंदूरला आले, तेव्हाचंच सांगते. शेजारी देशांची फुटबॉल स्पर्धा चालू होती, आपली मॅच सिलोनशी होती. मामंजींना कमी ऐकू यायचं, म्हणून रेडिओ ऐकून मी त्यांना सांगत होते. आपला गोल झाला.

"मारला किसने?"

खेळाडू माधव, आणि आमचे हेही माधव. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

"यांनी," मी म्हटलं.

"यांनी म्हणजे कोणी?"

सासूबाई स्वैपाकघरातूनच ओरडून म्हणाल्या, "अहो, आपल्या माधवने."

मामंजी हसले, मग रेडिओकडे सरकून कान लावून बसले. यांचा फुटबॉल सोडवून त्यांनीच यांना मिलमध्ये चिकटवलं होतं.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सूनबाई, और एक मारला का त्याने?"