काजळी लॉनवर चरायला आली

मूळचे आम्ही बिडकीनकडचे, मेंढरंवाले. महं खरं नाव आता मलाच आठवून सांगावं लागतं, इथं शहरात, गारखेड्यात समदे लॉनवाले मामा म्हणतात. मव्हा बाप असा होता, की तीन कोसावर मेंढरू खोकललं तर हा इकडं भाकर मोडता मोडता सांगायचा, काळ्या पाठीची हाय, उद्या तिला हळद पाजा. खोटं वाटतं ना? वाटू द्या, मलाबी वाटायचं, पण सकाळी बघावं तर काळ्या पाठीचीच निघायची.

मग तिकडं कारखान्यांचे प्लॉट पडले, माळाला तारा लागल्या, चराई संपली. मही बायको ठकू, तिची एक मेंढी व्हती, डोळ्याभवती काळं म्हणून काजळी. काजळीची आई विताना मेली, तर ठकूनं तिला पदरात घेऊन वाटीनं दूध पाजलं, गळ्यात पितळी घंटी बांधली. आठ दिवस माहेरी सोयगावला जाताना ठकू म्हनली, बाकीची इका, पण काजळीला हात लावू नका. व्हय म्हनलो. व्यापारी आला तर त्यानं दोन मिनिटांत ओळखलं, म्हनला, कळप हिच्यामागं चालतो, ही नाय तर बाकीची गाडीत चढायची नाय, द्यायची तर हिच्यासगट द्या. दिली. तीच पयली चढली, मान वर करून, अन् मागं समदी. म्या घंटी तेवढी काढून घेतली.

ठकू आली, मेंढरांचा रिकामा वाडा बघितला. भांडली असती तर बरं झालं असतं, तिचं भांडण म्हणजे इकडं तोंड उघडलं की पैठणला कोंबडे उडायचे. पण काय सांगू तुम्हाला, एक अक्षर नाय. घंटी घेतली, खुंटीला अडकवली. पुढं शहरात आलो, संसार केला, मीठ दे, दार लाव, समदं बोलायची, पण काजळीचं नाव नाय काढलं. तशीच गेली. माती देताना ती घंटी म्या मह्या हातानं तिच्या मुठीत ठेवली. हे ध्यानात ठेवा.

तर ह्या बंगल्यातल्या बाई, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून घरी बसलेल्या. ह्यांचं लॉन असं, की मुंगी घसरून पडायची. म्याच कापायचो. एक दिवस बाई म्हनल्या, मामा, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय अन् हे गवत रोज पितं, काढून टाका, इथलं, आपल्या मातीतलं गवत लावू. मला हसू आलं. म्हनलो, बाई, आपल्या मातीतलंच तर मी इतकी वर्षं तण म्हणून उपटून कचरागाडीत घालतोय.

लॉन गादीसारखं गुंडाळून काढलं. नर्सरीत मारवेल गवत मागितलं तर नर्सरीवाला मह्या तोंडाकडं बघत बसला. मग मी बिडकीनला गेलो, तारंखालून वाकून आमच्या जुन्या वाड्याच्या जागेवर, अन् लेंडीखताची दोन पोती माती भरली. समदं बी त्यातच निजलेलं असतं. आमच्या घरात वाड्याची माती हळदीचा भंडारा टाकल्याबिगर उचलत नायत, जागेवर जे हाय ते जागेवरच राहावं म्हणून. पुडी खिशात व्हती, पण वाचमननं शिट्टी मारली अन् मी भंडारा न टाकताच पोती उचलून पळालो.

श्रावणात गवत गुडघ्याला लागलं. मारवेल, पवन्या, कुसळी, मधी तरोटा. फुलपाखरं एवढी, की बाई चष्मा पुसत पुसत चालायच्या. अन् एका दुपारी, बरोबर बाराला, मी सावलीत भाकर सोडली तर गवतातून घंटी. टण... टण... मान खाली घालून चरताना वाजती तशी. बाई ओट्यावरून म्हनल्या, मामा, तुमचा फोन वाजतोय का? मव्हा फोन घरी व्हता. जाऊन बघितलं तर गवताचे शेंडे खाल्लेले, इळ्यानं कापल्यागत नाय, दातानं तोडल्यागत. मग रोजच. मी तिकडं पाठ करून जेवायला लागलो, तर घंटी पाठीशी येऊन थांबायची.

दसरा झाला अन् शेजारचे साहेब भिंतीवरून ओरडले, मामा, जंगल केलं व्हय, साप निघतील! बाई बिचाऱ्या भिडस्त, म्हनल्या, कापून टाका एकदा. मशीन काढली, सुरू केली, अन् घंटी बरोबर पात्यापुढं. हटंना. मशीन मी डावीकडं घेतली, ती डावीकडं. एकदा हिला गाडीत चढवली, आता मशीनखाली घालू व्हय?

मशीन बंद केली. बाईंना म्हनलो, ह्या गवताला पातं मानवत नाय, ह्याला तोंड लागतं. अन् ते खोटं नाय हां, विचारा कुणालाबी. मेव्हण्याच्या पाच मेंढ्या टेम्पोत घालून आणल्या. साहेब भिंतीवरून बघत राहिले, त्यांचा चहा थंड झाला. बाई फाटकात उभ्या राहून मोजत व्हत्या. आम्ही मेंढरं मोजत नाय, तोंडानं ओळखतो, म्हणून मी खालीच बघत व्हतो. सांजच्याला टेम्पोत चढवताना बाईंनी परत मोजलं अन् मह्याकडं आल्या. म्हनल्या, मामा, आत सहा गेल्या, बाहेर पाचच आल्या, एक राहिली. चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई.

म्या म्हनलो, राहू द्या.

भंडाऱ्याची पुडी अजून ह्या खिशात हाय, ही बघा. चिमूटभर टाकला की जाईल ती, जिथली तिथं. पयले दोन म्हैने मलाबी तेच पाह्यजे व्हतं. आता हात जात नाय. काजळीमागं समदा कळप चालायचा, अन् कळपामागं, डोक्यावर पाटी घेऊन, ठकू. आजवर कधी चुकली नाय. आली म्हणजे बोलंल, नाय तर भांडंल तरी.

देव तुमच्या अंगणात हिरवं ठेवो. उठा आता, बारा व्हायला आले. अन् जाताना फाटकाची कडी लावू नका.