काळी कणसं

(त्लाक्सकालातलं एक खेडं. सेनाइदाला मागणी घालायला शहरातून पाहुणे आलेत. स्वयंपाकघरात ती आणि तिची आई एर्मेलिंदा.)

एर्मेलिंदा : अगं, पण कढई गेली कुठं? आत्ता तर चुलीवर होती.

सेनाइदा : उतरवली. बाजारातनं कोंबडी आणलीय ना, तीच वाढू.

एर्मेलिंदा : अन् काणी?

सेनाइदा : हळू बोल! शहरातली माणसं ती. त्यांना काय मक्याच्या कणसावरची काळी बुरशी वाढायची?

एर्मेलिंदा : बुरशी म्हणे! उइतलाकोचे आहे ते. पहाटेपासून ओळीन् ओळ धुंडाळली, तेव्हा कुठं सात कणसं मिळाली. मिरची घातली, एपासोतेचा पाला घातला... कुठं ठेवलीस?

सेनाइदा : तू आधी ताटं घे.

एर्मेलिंदा : सेनाइदा.

सेनाइदा : डुकरांपुढं ओतली.

एर्मेलिंदा : सगळी?

सेनाइदा : शाळेत माझा डबा बघून पोरी ओरडायच्या, काळतोंडी आली म्हणून. तुला कधी सांगितलं नाही. आज पुन्हा तेच नको होतं मला. गप्प बस, सासूबाई येताहेत.

ग्रासिएला : येऊ का आत? पुरुषांच्या गप्पा काही संपत नाहीत, आणि मला इथल्या वासानं ओढून आणलं. काणी ना?

एर्मेलिंदा : या ना, विहीणबाई. बसा.

ग्रासिएला : आईचं शेत विकलं, तेव्हापासून घरची काणी नाही हो मिळाली. बाजारात डब्यातली मिळते, तिला ना चव ना वास. थोडी चाखू द्याल? जेवणापर्यंत दम निघायचा नाही मला.

एर्मेलिंदा : काय सांगू, बोलण्याच्या नादात करपली हो. टाकूनच द्यावी लागली. वय झालं, ध्यान राहत नाही.

ग्रासिएला : अरेरे! असू द्या. होतं असं.

सेनाइदा : करपली नाही. आई माझ्यासाठी खोटं बोलतेय. मी डुकरांना घातली.

एर्मेलिंदा : सेनाइदा, तू भाकरी थाप.

सेनाइदा : लाज वाटली मला, सेन्योरा.

ग्रासिएला : कुणाची? माझी?

सेनाइदा : नाही. आईची.



एर्मेलिंदा : ओढ्याकडच्या ओळीत अजून तीन कणसं आहेत. लहान होती म्हणून राहू दिली होती. काढून आण.

सेनाइदा : तू पण चल ना, आई.

एर्मेलिंदा : विहीणबाईंना ने, शेत दाखव. मला जरा एकटीला बसू दे.